सिद्धूची आई

बोलता बोलता आई मध्येच हात वर करायची. पंजा उघडा, बोटं ताठ. तो हात वर गेला की घरातले सगळे गप्प. पप्पांच्या तोंडातला घास तसाच राहायचा, मी धावत जाऊन टीव्हीचा आवाज बंद करायचे, आणि पाहुणे असले तर ते गोंधळून एकमेकांकडे बघायचे. आई मान जराशी तिरकी करून ऐकत राहायची. कॉटवर झोपलेल्या किंवा खिडकीशी अभ्यास करत बसलेल्या माझ्या धाकट्या भावाच्या, सिद्धूच्या, छातीत शिट्टी वाजतेय का, एवढंच तिला ऐकायचं असायचं. नसली वाजत, की हात खाली. "हां, काय म्हणत होतात?" असं म्हणून ती पाहुण्यांच्या गप्पांत पुन्हा अशी शिरायची, जशी काही उठून पाणीच प्यायला गेली होती.

मामाच्या लग्नात भन्तेजी परित्राण पाठ म्हणत होते, तेव्हाही तिने असाच हात वर केला होता. सगळं सभागृह हात जोडून बसलेलं आणि ही एकटी पंजा उभारून. मामा अजून त्यावरून हसतो. हसता हसता मग गप्पही होतो.

वरळीच्या बीडीडी चाळीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. मधोमध लांबच लांब अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. पप्पा पोस्टात होते, आई एका सरकारी कचेरीत टायपिस्ट. चाळीत बाईला तिच्या पहिल्या मुलाच्या नावाने ओळखतात. मी सिद्धूपेक्षा चार वर्षांनी मोठी, त्यामुळे ती मुळात सुजाताची आई होती. पण सिद्धूचं आजारपण सुरू झालं आणि बघता बघता सगळा मजला तिला 'सिद्धूची आई' म्हणू लागला. तिचं नाव विमल होतं. चाळीत ते फक्त पप्पा आणि रेशनकार्ड वापरायचं.

सिद्धू तीन वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा जोराची धाप लागली. थंडीचे दिवस होते. संध्याकाळी तो खेळता खेळता भिंतीला टेकून बसला आणि खांदे वर-खाली करून श्वास घ्यायला लागला. दर श्वासाला त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. मला वाटलं तो नक्कल करतोय कुणाची तरी, म्हणून मी हसले. आईने त्याचा शर्ट वर केला, बघितलं, आणि पायांत चपलाही न घालता त्याला उचलून जिना उतरली. दवाखान्यात वाफ दिली, सुई दिली. आठवड्याभराने दादरच्या एका डॉक्टरबाईंनी नीट तपासून सांगितलं, की हा दमा आहे. रोज सकाळ-संध्याकाळ पंपाने औषध द्यायचं, मूल बरं दिसलं तरी द्यायचं, आणि धाप लागली तर निळा पंप वेगळा.

त्यानंतर आमच्या घरी सल्ला द्यायला येणाऱ्यांची रीघ लागली. पंपाची सवय लागते, असं एकीने सांगितलं. पंपाने हृदय कमजोर होतं, असं कचेरीतल्या कुणीतरी सांगितलं. गावाहून, मंडणगडकडून, आजी आली ती काळ्या शेळीचं तूप घेऊन. कुणी कर्जतच्या वैद्याचं चूर्ण आणून दिलं. आई तेव्हा तिशीतली होती, घाबरलेली होती, आणि सांगणारे सगळे प्रेमाने सांगत होते. काही महिने सिद्धू छान खेळत-खात होता. मग तिने पंप कपाटात वर ठेवून दिला आणि चूर्ण मधातून चाटवायला सुरुवात केली.

एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी दरवर्षी चाळीला रंग लागतो. त्या वर्षी पोरांनी वर्गणी काढून आमच्या मजल्याच्या पॅसेजला ऑइलपेंट मारायला घेतला होता. भर दुपारची वेळ. पप्पा कामावर, आईने रजा घेतलेली. रंगाचा वास खोलीत भरला आणि सिद्धूला उबळ आली ती थांबेचना. आईने कपाटातून पंप काढला, हलवला, त्याच्या तोंडाला लावला. तो रिकामा होता की सिद्धूला ओढताच येत नव्हतं, कोण जाणे. त्याचे ओठ जांभळट झाले. तो बोलायचा बंद झाला, मग रडायचाही बंद झाला. हातात ब्रश असलेला शेजारचा पोरगा तसाच खाली धावला, त्याने मोटारसायकल काढली, आणि आई सिद्धूला पोटाशी धरून मागे बसली. तिच्या पदराला हिरवा रंग लागलेला मला वरून खिडकीतून दिसला. मी पहिली-दुसरीत असेन. मजल्यावरच्या तांबेकाकींनी मला त्यांच्या घरी नेऊन भात भरवला.

सिद्धू बरेच दिवस रुग्णालयात होता, त्यातले पहिले काही काचेच्या पलीकडे. एका सकाळी आई घरी आंघोळीला आली. आंघोळ न करता तिने आधी चूर्णाच्या बाटल्या, तुपाची बरणी, सगळं बाहेर नेऊन टाकलं. मग मोरीच्या कट्ट्यावर बसली आणि मला म्हणाली, "मी माझ्या हाताने बंद केलं होतं गं औषध, सुजे." घरात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती माझ्याशी बोलली. मी तिला टॉवेल दिला.

त्या दिवसापासून तिचा स्वभावच बदलला. "ज्याने श्वास येतो ते औषध, बाकीचं सगळं नंतर," हे तिचं वाक्य झालं. आजीला तिने दुखावलं नाही, तूप पुन्हा आलं तर ते आमच्या भाकरीवर घातलं. पण सिद्धूचा पंप चुकला नाही. चूळ भरण्यासकट सगळं ती उभी राहून करून घ्यायची. खिडक्यांचे पडदे गेले, कापसाच्या गाद्यांना जाड खोळी आल्या, झाडू गेला आणि त्याच्या जागी ओलं फडकं आलं. घरातली अगरबत्तीही बंद झाली. बुद्धमूर्तीसमोर ती नुसती मेणबत्ती लावायची. थोरल्या काकांना ते रुचलं नाही. "वंदनेला अगरबत्ती नको, हे कुठलं नवीन काढलंस, विमल?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "भाऊजी, ज्यांच्यासमोर लावायची त्यांनीच करुणा सांगितलीय ना? मग ती सिद्धूपासून सुरू करते." काकांनी पुढे तो विषय काढला नाही.

चाळीतल्या लोकांशी मात्र तिला फार सांभाळून वागावं लागलं. एका मजल्यावर इतकी बिऱ्हाडं. कुणाकडे सुके बोंबील भाजायचे, कुणाकडे उदबत्तीचा घमघमाट, उन्हाळ्यात मसाल्यासाठी मिरच्या भाजल्या की अख्खा पॅसेज खोकायचा. आई भांडली नाही. ती दारोदार गेली. प्रत्येक घरी बसली, चहा प्यायली, आणि म्हणाली, "मिरच्या भाजायच्या तर जरूर भाजा, फक्त आदल्या दिवशी मला सांगा. मी त्याला घेऊन माहेरी जाते." तिचं माहेर शीव कोळीवाड्याजवळ होतं. एका उन्हाळ्यात ती इतक्यांदा माहेरी गेली की तांबेकाकींनाच लाज वाटली. त्यांनी बायकांना गोळा करून गच्चीवर चूल मांडली, आणि तेव्हापासून आमच्या मजल्याच्या मिरच्या गच्चीत भाजल्या जाऊ लागल्या. दिवाळीत ती मैदानात खुर्ची टाकून बसायची. फटाके घेऊन आलेली पोरं तिला बघून थबकायची. "फोडा की रे. मी कुठे नाही म्हणतेय? वारा कुठला आहे तेवढं बघा." पोरं वाऱ्याचा अंदाज घेत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायची. त्यांतली दोघं-चौघं तर जाताना तिला चकली देऊन जायची.

सिद्धूला बरं आहे की नाही, हे तपासायची तिची एक रीत होती. तो शाळेतून आला की ती म्हणायची, "पूर्ण पत्ता सांग." आणि सिद्धू एका दमात नाव, खोली नंबर, चाळ नंबर, रस्ता, वरळी, मुंबई, पिनकोड असं सगळं म्हणून दाखवायचा. सगळं एका श्वासात झालं तर दप्तर ठेवायचं आणि खेळायला जायचं. मध्ये कुठे थांबावं लागलं तर आधी पंप. तो मोठा होत गेला तसा त्याला याचा राग यायला लागला. "मी काय हरवलोय का, रोज पत्ता सांगायला?" तो म्हणायचा. पण सांगायचा.

या सगळ्यात मी कुठे होते, असं मला कधी कधी लोक विचारतात. मी तिथेच होते. मला ताप आला की आई कपाळाला हात लावायची, छातीकडे बघायची आणि म्हणायची, "श्वास चांगला आहे ना तुझा? मग होईल बरं." खरंच बरं व्हायचं. दहावीचा निकाल घेऊन मी घरी आले तेव्हा ती दारातच होती. मी टक्के सांगायला तोंड उघडलं आणि तिचा हात वर गेला. मी तशीच उभी राहिले. आत सिद्धू खोकत होता. ती आत गेली. टक्के मी आधी पप्पांना सांगितले, मग तांबेकाकींना. आईने रात्री जेवताना विचारलं, आणि मग मला जवळ घेतलं, पेढेही आणले. मला राग आला नव्हता असं नाही. पण ती जे ऐकायला आत जायची, ते मीही ऐकलेलं होतं. त्यामुळे तो राग फार टिकायचा नाही.

सिद्धू सातवीत असताना एका संध्याकाळी आईला त्याच्या कानामागे माती दिसली. त्याच्या गुडघ्यांवर खरचटलेलं होतं. तिने पंप मागितला, तर तो त्याच्या मोज्यातून निघाला. तो कितीतरी दिवस चाळीच्या मागच्या मैदानात मंडळाच्या मास्तरांकडे कबड्डी शिकत होता, आणि घरी सांगत होता की ग्रंथालयात जातो.

कबड्डी. दुसरा कुठलाही खेळ असता तर कदाचित आई इतकी हादरली नसती. समोरच्यांच्या मैदानात शिरायचं, तोंडाने 'कबड्डी, कबड्डी' चालू ठेवायचं, आणि त्या एका दमात कुणालातरी शिवून परत यायचं. धुळीत. आईने त्याला मारलं नाही, ओरडलीही नाही. तिने फक्त विचारलं, "का रे?"

"सगळे खेळतात, मी बघत बसतो," तो म्हणाला. "मला कुणी पकडतही नाही, आई. पकडापकडीतसुद्धा. म्हणतात, याला नको, याची आई येईल."

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली. मीही गेले, कारण मला वाटलं आता तमाशा होणार. मास्तरांनाही तेच वाटलं असावं; ते लगबगीने पुढे आले आणि म्हणाले, "ताई, मला त्याच्या आजाराचं ठाऊक नव्हतं. उद्यापासून नाही घेणार." आई म्हणाली, "आज घ्या. मला बघायचंय." सिद्धूने चढाई केली. बारीक, काटक पोरगा, वाकून, पाय घासत, ओठ हलवत. मध्यरेषेपलीकडे जाऊन त्याने एकाला हुलकावणी दिली, आणि तेवढ्यात त्याचा दम तुटला. तो परत आला तेव्हा छाती फुटेल अशा धापा टाकत होता आणि चेहऱ्यावर असं काही तेज होतं, जे मी त्याच्या तोंडावर पूर्वी पाहिलं नव्हतं. आईनेही ते पाहिलं.

त्या आठवड्यात आम्ही तिघं दादरला डॉक्टरबाईंकडे गेलो. आईला मनातून वाटत होतं की बाई नाही म्हणतील आणि प्रश्न सुटेल. बाईंनी त्याला तपासलं, फुंकर मारायच्या नळीत जोरात फुंकायला लावलं, आणि म्हणाल्या, "खेळू दे की. रोजचं औषध चुकवायचं नाही. खेळायच्या आधी निळा पंप, मग हळूहळू अंग गरम करायचं. सर्दी असेल त्या दिवशी सुट्टी."

"आणि खेळताना दम लागला तर?"

"कधीतरी लागेल. तेव्हा काय करायचं ते त्याला शिकवा."

"मी असतेच ना तिथे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "विमलताई, आतापर्यंत तुम्ही त्याला जपलंत, फार छान जपलंत. पण त्याच्या पन्नासाव्या वर्षी तुम्ही त्याच्या शेजारी बसून पंप हलवणार आहात का?"

परतताना आई बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसली होती. वरळी नाक्यावर उतरल्यावर तिने पर्समधून निळा पंप काढला आणि सिद्धूच्या हातात ठेवला. "आजपासून हा तुझ्याकडे. कधी घ्यायचा ते मी सांगणार नाही. तूच ठरवायचं." त्याला इतका आनंद झाला की तो उड्या मारत पुढे पळाला. आई मात्र तिथेच थांबली. रिकामा झालेला हात कुठे ठेवावा हे तिला समजत नसल्यासारखी दिसली. मग तिने माझा हात धरला. मी कॉलेजात जायला लागले होते. इतक्या वर्षांत रस्त्यात तिने माझा हात धरल्याचं मला आठवत नव्हतं.

तिने त्याला शिकवलं. छाती आवळायला लागली की काय वाटतं, ते ओळखायला. पहिल्यांदा खोकला येतो की घशात खाज, ते लक्षात ठेवायला. धाप लागल्यावर आडवं पडायचं नाही, पुढे झुकून बसायचं. मास्तरांना लाज न बाळगता सांगायचं. स्वतःसाठी तिने एक नियम केला. पहिले काही महिने ती सरावाला मैदानाच्या कठड्यावर बसायची. मग रस्त्यापलीकडच्या ओट्यावर. मग घरात, खिडकीशी. खिडकीतून मैदान दिसायचं नाही. तरी ती तिथेच बसून भाजी निवडायची.

तो दहावीत असताना लालबागला किशोर गटाचे सामने होते. मातीचं मैदान, भोवती लाकडी गॅलरी, लाऊडस्पीकर, आणि खच्चून गर्दी. आई आणि मी मधल्या फळीवर बसलो होतो. सिद्धूचा संघ थोडा मागे होता आणि सिद्धूच चढाया करत होता. उत्तरार्धात तो एका चढाईवरून परतला आणि रेषेच्या आत येऊन वाकला. हात गुडघ्यांवर. खांदे वर-खाली व्हायला लागले. इतक्या आवाजात काही ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण मला त्याचे खांदे दिसले आणि मी उठले.

आईने माझं मनगट पकडलं. "बस."

"अगं आई, त्याला..."

"मला दिसतंय. खाली बस. तो आता इकडेच बघणार आहे. आपण उठलो तर तो घाबरेल."

आणि खरंच सिद्धूने वर बघितलं. गर्दीतून त्याने आम्हाला बरोबर शोधलं. आई बसलेली होती. ताठ, मांडीवर पर्स, चेहरा शांत. तिने त्याच्याकडे बघून फक्त मान हलवली. त्याने मास्तरांना हात केला, मैदानाबाहेर गेला, बाकावर पुढे झुकून बसला आणि पिशवीतून पंप काढला. एकदा घेतला. थांबला. पुन्हा घेतला. मास्तर त्याच्याजवळ वाकले तर त्याने बोटाने 'थांबा' केलं. मैदानात खेळ सुरूच होता, लोक ओरडत होते, आणि आम्ही दोघी एका चड्डी-बनियनमधल्या पोराच्या पाठीकडे बघत होतो. माझ्या मनगटात आईची नखं रुतली होती. तिचा दुसरा हात पर्सवर तसाच निश्चल होता.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. शेवटी त्याचे खांदे खाली आले. त्याने पाण्याची बाटली उचलली, आणि आमच्याकडे बघून अंगठा दाखवला. मास्तरांनी त्याला परत मैदानात घेतलं नाही. त्याचा संघ हरला.

सामना संपल्यावर सिद्धू मित्रांबरोबर वडापाव खायला गेला. आई आणि मी बसस्टॉपकडे चाललो. एका बंद दुकानाच्या पायरीशी ती थांबली, म्हणाली, "जरा बसते," आणि बसल्या जागी बाजूला वळून ती ओकली. मी पाणी आणलं. तिने चूळ भरली, तोंड पुसलं, आणि मग पदरात तोंड घालून रडायला लागली. रंगाच्या वासाच्या त्या दुपारनंतर ती कधी रडलेली मी पाहिली नव्हती. लोक बघत होते. मी तिच्या बाजूला पायरीवर बसून राहिले.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "त्याला येतं गं, सुजे. त्याचं त्याला येतं." मग नाक पुसून, माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुझ्याकडे बघायला मला कधी वेळच मिळाला नाही. तू तुझ्या पायांवर उभी होतीस, म्हणून मी त्याच्यामागे धावू शकले. हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस." तिने माझ्या मनगटावरचे नखांचे व्रण बघितले, त्यांवरून अंगठा फिरवला, आणि उठली. "चल, बस जाईल."

सिद्धू मोठा खेळाडू झाला नाही. कॉलेजच्या संघातून खेळला, मग गुडघा दुखावला. शिकला, बँकेत लागला, बदली होऊन नागपूरला गेला आणि तिकडचाच झाला. तिथे प्राजक्ता नावाच्या सहकारी मुलीशी त्याचं लग्न झालं. दमा गेला नाही. पण एखाद्याला चष्मा असतो तसा तो त्याच्याजवळ असतो. आई त्याला निरोप द्यायला दादर स्टेशनवर गेली तेव्हा तिने पंपाचं नावही काढलं नाही. "डबा कोरडा ठेव, नाहीतर लाडूला बुरशी येईल," एवढंच म्हणाली.

नंतरची काही वर्षं ती माझी होती, असं म्हटलं तर चालेल. ती निवृत्त झाली. चाळ पाडायला घेतली म्हणून आम्ही तिघं तात्पुरत्या खोलीत राहायला गेलो. संध्याकाळी मी कॉलेजातून शिकवून आले की ती मला तासाला काय शिकवलंस ते विचारायची, आणि खरंच ऐकायची. मला अर्थशास्त्राचं एक प्रकरण तिला समजावून सांगताना स्वतःलाच नीट समजलं. आम्ही दोघी प्रभादेवीपर्यंत चालत जायचो. वाटेत पाडलेल्या चाळींची धूळ उडत असायची, आणि कुणी लहान मूल खोकलं की ती वळून बघायची.

प्राजक्ताला मुलगा झाला तेव्हा ती तीन-चार महिने नागपूरला राहून आली. परत आली ती थकलेली होती. पाय सुजायचे. तपासण्यांत निघालं की हृदय दुबळं झालंय. औषधं ती वेळेवर घ्यायची, कुरकुर न करता. पण त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. एका सकाळी पप्पा दूध घेऊन आले तेव्हा ती खुर्चीत बसल्या बसल्या गेलेली होती. मांडीवर निवडायला घेतलेली मेथी होती. नव्या इमारतीतल्या घराची चावी आम्हाला त्यानंतर काही महिन्यांनी मिळाली.

सिद्धू विमानाने आला. तो फार रडला. मला तेव्हा रडू आलं नाही; सगळं करायचं होतं, पप्पांना बघायचं होतं, आणि मी पायांवर उभी होते.

या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी प्राजक्ताचा फोन आला. सिद्धू बँकेच्या कामाने बाहेरगावी होता. मी पोह्यांना फोडणी देत होते, फोन खांद्याशी धरून. ती म्हणाली, "ताई, काळजी करू नका, सगळं ठीक आहे. म्हणूनच आता करतेय. पहाटे बाळाला धाप लागली होती."

मी गॅस बंद केला.

तिने सगळं क्रमाने सांगितलं. बाळाच्या बरगड्या ओढल्या जाताना दिसल्या. डॉक्टरांनी देऊन ठेवलेला पंप तिने तोंडाला लावायच्या नळकांड्यातून दिला, त्याला मांडीवर उभा धरला, खिडकी उघडली, वाट बघितली, पुन्हा दिला, आणि मग डॉक्टरांकडे नेऊन आणलं. आता तो शांत झोपला होता.

"घाबरली नाहीस?" मी विचारलं.

"खूप घाबरले. पण आई इथे होत्या ना बाळ झालं तेव्हा, तेव्हा मीच त्यांना विचारलं होतं, की सिद्धार्थचं याच्यात आलं तर? त्या म्हणाल्या, आलं तर आलं, करता येतं सगळं. भीती वाटणारच, ती काही जात नाही. फक्त हात थरथरू द्यायचा नाही. म्हणाल्या, मूल त्या वेळी आपल्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघतं." प्राजक्ता थांबली. "तुम्हाला तर माहीतच असेल हे."

मला माहीत नव्हतं. आई माझ्याजवळ हे कधीच बोलली नव्हती. तिला तशी गरज पडली नव्हती.

"आणखी काय काय म्हणायची तिकडे?" मी विचारलं.

"खूप काही. वेळ आहे तुम्हाला?"

बाहेरच्या खोलीतून पप्पांनी पोहे झाले का विचारलं. मी त्यांना म्हटलं, थोडं थांबा. मग स्टूल ओढून ओट्याशी बसले, आणि प्राजक्ता सांगायला लागली.